उधन्याहून आखाजीला

(मंडळाच्या जुलै महिन्यातील कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डिप्लोमावाला माणूस. सरकारी खात्यात इस्टिमेट करण्यात आणि मेजरमेंट बुक भरण्यात माझी वीस वर्षं गेली. तिथे एक शब्द जास्त लिहिला तर ऑडिटवाला विचारतो. त्यामुळे भाषण लांबलं तर तो दोष माझा नाही, इतक्या वर्षांच्या उपासाचा आहे असं समजा.

गेल्या मेळाव्यात आपल्यापैकी एका दाम्पत्यानं इटलीच्या सहलीची चित्रं पडद्यावर दाखवली. मिलान, फ्लॉरेन्स, रोम, सगळा प्रवास रेल्वेनं आणि मुक्काम ओळखीच्या लोकांकडे. फार छान होती चित्रं. घरी जाताना माझी मुलगी म्हणाली, "पप्पा, आपण पण मे महिन्यात ट्रेननंच गेलो होतो, आणि हॉटेलात नाही, घरीच राहिलो होतो." हे मी सहज सेक्रेटरींना सांगितलं आणि त्यांनी माझं नाव कार्यक्रमपत्रिकेवर छापून टाकलं. तेव्हा आज उधना ते अमळनेर. पडदा नाही, चित्रं नाहीत.

आपल्यापैकी निम्म्याहून जास्त घरं या लाइनीनं सुरतेत आलेली आहेत. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली, नवागाम, कुठल्याही गल्लीत जा, गाव विचारलं की नंदुरबार, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा, धरणगाव हीच नावं येतात. काही जुनी घरं गायकवाडांच्या काळापासून इकडे आहेत, त्यांना मी नमस्कार करतो. बाकी आम्ही सगळे पॅसेंजरचे प्रवासी. महाराष्ट्रात गेलं आणि सुरतेचे आहोत म्हटलं की लोक दोनच गोष्टी काढतात, शिवाजी महाराजांनी केलेली लूट आणि स्वस्तातल्या साड्या. मी म्हणतो, लूट 1664 ची, साड्या आजच्या, मधल्या काळात आम्ही काय करत होतो ते पण कधी विचारा.

आता मला सांगा, लग्न, साखरपुडा, दहावा, उत्तरकार्य हे सोडून तुम्ही गावाकडे शेवटचे कधी गेलात? हात वर करायला सांगत नाही. मी स्वतः अठरा वर्षं गेलो नव्हतो. म्हणजे जात होतो, पण सकाळी पोचायचं, आहेराचं पाकीट द्यायचं, जेवायचं आणि रात्रीची गाडी पकडायची. मुक्काम नाही.

अमळनेरपासून दहा-बारा किलोमीटरवर एका गावात माझा बालमित्र राहतो. त्याचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, आणि आमचे अण्णा, दोघं उधन्याला एकाच लूमच्या कारखान्यात होते. एकाच चाळीत समोरासमोर खोल्या. मित्राची आई म्हणजे जिजी. त्याची मोठी बहीण, तिला आम्ही ताई म्हणतो. 1994 नंतर ते लोक गावी गेले ते परत आले नाहीत. त्याचं कारण पुढे सांगतो. मित्र दर वर्षी फोन करायचा. 2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, सत्त्याण्णवावं. तेव्हा म्हणाला, "साने गुरुजींच्या गावाला संमेलन आहे, आता तरी ये." मार्च एंडिंगची कामं डोक्यावर, रजा मिळाली नाही. मग म्हणाला, "आखाजीला ये. ताई पण येणार आहे."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, हे इथे सांगायची गरज नाही, पण मागे बसलेल्या मुलांसाठी सांगतो. सुरतेत त्या दिवशी सोन्याच्या दुकानात रांगा लागतात. खानदेशात त्या दिवशी लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, पितरांच्या नावानं घागर भरतात. सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं आणि नवा करार ठरतो. आणि पुरुष मंडळी उघडपणे पत्ते कुटतात, त्या दिवशी कोणी काही बोलत नाही.

2024 साली आखाजी 10 मेला होती. 7 तारखेला लोकसभेचं मतदान, मी निवडणूक ड्युटीवर. 8 तारखेला झोपलो. 9 ला सकाळी निघालो: मी, सौ., मुलगी, मुलगा आणि आई. आई यायला तयार नव्हती. उन्हाचं कशाला, गुडघे दुखतात, घर कोण बघेल, अशी एकेक कारणं काढत होती. खरं कारण आम्हाला माहीत होतं. शेवटी अण्णांचं नाव काढलं तेव्हा ती पिशवी भरायला उठली.

थेट गाडीचं आरक्षण मे महिन्यात मिळत नाही हे तुम्हाला माहीत आहे. उधन्याला त्या दिवसांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडे जाणाऱ्यांची जी गर्दी असते त्यात पाय ठेवायला जागा नसते. मला त्या गर्दीचा राग येत नाही. आमचे बापही असेच गाठोडी घेऊन याच फलाटावर उतरले होते. आम्ही दोन तुकडे केले, मेमूनं नंदुरबार आणि तिथून पुढची गाडी. त्या मेमूतून दिवसाउजेडी सगळं बघायला मिळालं.

चलथाण, बारडोली, मढी, व्यारा, सोनगढ. बारडोलीला मुलाला 1928 चा सत्याग्रह सांगितला, त्यानं ऐकला आणि मग वडापाव मागितला. सोनगढचा डोंगर दाखवला, वर गायकवाडांचा किल्ला आहे, बडोद्याच्या आधी त्यांची गादी तिथे होती. पलीकडे उकाईचं धरण आहे, ते गाडीतून दिसत नाही.

ही लाइन ताप्ती व्हॅली रेल्वे नावाच्या कंपनीची. 1900 च्या सुमाराला सुरत ते अमळनेर पूर्ण झाली, पुढचा जळगावपर्यंतचा तुकडा जी.आय.पी.चा. नाव तापीच्या खोऱ्याचं, पण गंमत अशी की उधन्याहून जळगावपर्यंत गाडी एकदाही तापी ओलांडत नाही. पांझरा, बोरी, गिरणा या तिच्या लेकी भेटतात, आई दिसत नाही. लहानपणी सिंगल लाइन होती. समोरून गाडी यायची असली की आपली पॅसेंजर कुठल्यातरी लहान स्टेशनात अर्धा-अर्धा तास उभी. आम्ही खाली उतरून नळाला तोंड लावायचो, आबा आणि अण्णा फलाटावर बसून बिड्या ओढायचे. आता 306 किलोमीटरची सगळी डबल लाइन झाली, वीज आली. फेब्रुवारी 2019 मध्ये धुळ्याच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी ती राष्ट्राला अर्पण केली. इंजिनियर म्हणून मला अभिमान वाटतो. पण क्रॉसिंग गेलं आणि खाली उतरणं पण गेलं.

नवापूरला मात्र आम्ही उतरलोच, पोरांना ते स्टेशन दाखवायचं होतं. अर्धं स्टेशन गुजरातमध्ये, अर्धं महाराष्ट्रात. हद्द फलाटावरूनच जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातमध्ये. एका बाकावर हद्दीची रेघ आहे, इकडे बसलं की गुजरात, तिकडे सरकलं की महाराष्ट्र. स्टेशन आधी बांधलं गेलं, राज्यं नंतर 1 मे 1960 ला वेगळी झाली. मुलगा बाकावर मधोमध बसला आणि म्हणाला, "पप्पा, मी आता कोण?" मी म्हटलं, "तिकीट असलेला प्रवासी, गाडीत चढ." मुलगी पाट्या वाचत होती. आधी गुजराती वाचली, सरसर. मग मराठी वाचली, अडखळत. तिच्या शाळेत मराठी नाही. ते ऐकून आई काही बोलली नाही, पण खिडकीबाहेर बघायला लागली. पुढे गाडीत एकीनं नवापूरच्या तूरडाळीचा भाव सांगितला आणि आईचं लक्ष तिकडे गेलं. दोन किलो घेतली. जिजीला न्यायला, असं ती म्हणाली नाही, पण पिशवीत वेगळी ठेवली.

नंदुरबारला तीन तास थांबलो. मुलांना शिरीषकुमारचं स्मारक दाखवलं. 1942 साली झेंडा हातात घेऊन गोळी झेलली तेव्हा तो शाळकरी मुलगा होता, माझ्या मुलीपेक्षा थोडासाच मोठा. ऊन इतकं की स्मारकापाशी जास्त वेळ उभं राहवेना. मग दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद अशी नावं मागे टाकत दिवस मावळता अमळनेरला उतरलो. मित्र रिक्षा घेऊन आला होता. गावात शिरल्यावर जिजी ओट्यावरच बसलेल्या. डोळ्यांवर हात धरून मला बघितलं आणि म्हणाल्या, "कव्हय उना रे भाऊ?" जसं काही मी काल कुठे बाजारात गेलो होतो.

आता 1994 चं सांगतो. इथले पन्नाशीच्या पुढचे सगळे ते जगलेले आहेत. गणपतीचं विसर्जन होऊन थोडेच दिवस झाले होते. सप्टेंबरचा तिसरा-चौथा आठवडा. शहरात प्लेगची बातमी पसरली आणि एका रात्रीत बाजार बंद. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मिळेनात. जो तो तोंडाला रुमाल बांधून स्टेशनकडे. काही दिवसांत लाखो माणसं सुरत सोडून गेली. आमच्या चाळीतल्या दोन्ही घरांनी एकत्रच कुलपं लावली. आमचं स्वतःचं गावाकडे घर उरलं नव्हतं, काकांनी विकलं होतं. आबा अण्णांना म्हणाले, "विचार काय करतोस, माझ्याकडे चल." मी तेव्हा नववीत होतो. गाडीत दाराशी उभे राहून आम्ही अमळनेरपर्यंत आलो, ते मला अजून पायांत आठवतं.

पहिले चार दिवस आम्ही त्यांच्या घरात राहिलो. पाचव्या दिवशी आबांनी आम्हाला मळ्यातल्या खोलीवर नेलं, गावापासून दीड-दोन किलोमीटर. शेजारी गोठा. महिनाभर तिथे. जिजी रोज डबा पाठवायच्या. मला आणि मित्राला तर ती दिवाळीची सुट्टी आधीच लागल्यासारखी होती, विहिरीत पोहणं, मोटरीच्या पाण्यात बसणं, भुईमुगाच्या ओल्या शेंगा. पण आईच्या मनाला ते लागलं. मग शहर शांत झालं, आम्ही परत आलो, आबा मात्र गावीच राहिले. आई तीस वर्षं एकच वाक्य म्हणत आली, "आम्हाला गुरांच्या शेजारी ठेवलं." अण्णा तिला समजवायचे, ती ऐकायची नाही. हळूहळू येणं-जाणं लग्नकार्यापुरतं उरलं. आबा गेले तेव्हा अण्णा एकटेच गेले. अण्णा गेले तेव्हा मित्र आला, जिजींची तब्येत बरी नव्हती. दोन घरं अशीच सुटत जातात, भांडण न होता.

आखाजीच्या सकाळी मित्रानं आबांच्या नावानं घागर भरली. नवी मातीची घागर, वर लोटा, त्यावर खरबूज आणि आंबे. जिजींनी आतून दुसरी घागर आणली आणि माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, "आला आहेस तर तुझ्या बापाची पण भर." मी विहिरीचं पाणी आणलं आणि भरली. सुरतेत फ्लॅटमध्ये आम्ही हे कधी करत नाही, मला विधी पण नीट येत नव्हता, मित्रानं जसं केलं तसं केलं.

जेवणाला खापरावरचे मांडे आणि आमरस, सोबत रशी, कुरडया, भजी. खापरावर मांडा टाकायचा म्हणजे हाताची कसरत असते. तो कोपरापर्यंत हातावर फिरवत मोठा करतात. सौ. नाशिककडची, तिनं पहिल्यांदाच बघितलं. तिनं प्रयत्न केला, तीन फाटले, चौथा जमला, आणि तो मला वाढला. दुपारी पारा चव्वेचाळीसच्या आसपास. कूलरसमोर सगळी एका रांगेत आडवी. संध्याकाळी पोरी झोक्यावर. माझी मुलगी आधी लांब उभी होती, मग एका मुलीनं ओढत नेलं. गाण्यातले अर्धे शब्द तिला कळत नव्हते, पण तासाभरानं ती सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होती.

रात्री गच्चीवर गाद्या टाकल्या. प्रचाराची शेवटची गाडी गावातून ओरडत गेली आणि मग शांत झालं. ताई, सौ., आई आणि जिजी एका बाजूला बोलत होत्या. मी आणि मित्र दुसऱ्या बाजूला. सौ.नं सहज विचारलं, "ताई, तुमचं लग्न कुठल्या साली झालं?" ताई म्हणाली, "96 ला. खरं तर 94 लाच व्हायचं होतं, तुळशीचं लग्न झालं की. सुपारी फुटली होती. प्लेगनं मोडलं." आणि हसली.

सौ.ला काही कळलं नाही. ती म्हणाली, "प्लेग म्हणजे?" तेव्हा ताईनं सगळं सांगितलं, सहज सांगितलं, जसं कोणी पावसाचं सांगतं. आम्ही येऊन तीन-चार दिवस झाले आणि गावात बोभाटा झाला की आबांच्या घरात सुरतेचे पाहुणे आहेत. जाणती माणसं आली, म्हणाली, त्यांना गावाबाहेर काढा, नाही तर तुमचं पाणी बंद. आबा स्वतः पण सुरतेहूनच आलेले, पण ते गावचे होते. आबांनी सांगितलं, गेले ते, बसमध्ये बसवून दिले. आणि रात्री आम्हाला मळ्यात नेलं. महिनाभर गावाला वाटत होतं की आम्ही निघून गेलो. जिजी डबा गवताच्या भाऱ्याखाली ठेवून पाठवायच्या. पण ताईच्या होणाऱ्या सासरी कोणीतरी जाऊन सांगितलंच. ते लोक आले, म्हणाले, पाहुणे आहेत की नाहीत, देवाची शपथ घेऊन सांगा. खोटी शपथ आबांनी घेतली नाही. सोयरीक मोडली.

कोणी काही बोललं नाही. मग ताईच म्हणाली, "बरं झालं गं, त्या माणसाचं नंतर काय झालं माहीत आहे? तालुक्याला दुकान टाकलं आणि दोन वर्षांत बुडवलं. मला चांगला मिळाला." जिजी म्हणाल्या, "झोपा आता."

मी मित्राला हळूच विचारलं, "तुला माहीत होतं?" तो म्हणाला, "हो. तुझ्या अण्णांना पण माहीत होतं. आबांनी त्यांना शपथ घातली होती, वहिनींना सांगू नको, त्यांना उगाच ओझं होईल."

म्हणजे अण्णा सव्वीस-सत्तावीस वर्षं आईचं ते वाक्य ऐकत राहिले आणि गप्प बसले. माझ्या डोक्यात त्या रात्री हेच फिरत होतं. त्यांनी सांगायला हवं होतं का? मला अजून ठरवता येत नाही. सांगितलं असतं तर आई त्या घरापुढे मान खाली घालून वागली असती. न सांगितल्यामुळे तिनं ते घरच सोडलं. तुम्ही वडीलधारी आहात, तुम्हाला काय वाटतं ते मला चहाच्या वेळी सांगा.

सकाळी उठलो तर आई तयार होऊन ओट्यावर बसलेली. म्हणाली, "मला मळ्यात घेऊन चल." मित्रानं रिक्षा काढली. मळ्यात आता ठिबकच्या नळ्या, विहिरीवर जाळी, गोठा नाही. ती खोली आहे. आत खताच्या गोण्या आणि जुन्या मोटरीचा सांगाडा. आई दारात उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "खोली मोठी होती की."

एवढंच. परत येताना रिक्षात काही बोलली नाही. घरी आल्यावर नवापूरची डाळ काढून जिजींना दिली आणि विचारलं, "बिबडे घातले का यंदा?" जिजी म्हणाल्या, "कुठे, हाताला जोर नाही आता." मग दोघी माजघरात गेल्या. ज्वारी किती, मीठ किती, आधी कोणाच्या गच्चीवर वाळत घालायचे, असं काहीतरी चाललं होतं.

रविवारी 12 तारखेला परतीची गाडी होती. मी पिशव्या बांधल्या, आई तशीच बसलेली. म्हणाली, "तुम्ही जा. पीठ भिजवलं आहे, टाकून कशी येऊ? मी मागून येईन." मी म्हटलं, "तिकीट काढलेलं आहे." ती म्हणाली, "मग रद्द कर."

आई जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आली, मित्र सोडायला आला होता. तो दोन दिवस राहिला, त्यानं उधन्याची जुनी चाळ बघितली, तिथे आता एम्ब्रॉयडरीची मशीनं आहेत. आईनं आणलेला बिबड्यांचा डबा मी आज सोबत आणला आहे, मागच्या टेबलावर ठेवला आहे. तळायचं काम सेक्रेटरींनी घरून करून आणलं. रद्द केलेल्या तिकिटाचे किती पैसे कापले गेले, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही, आणि ती तिकडे दुसऱ्या रांगेत बसली आहे, तेव्हा आकडा इथेही सांगत नाही.